मरळीसाठी लाल माशी

मु. बेंबळी, ता. उस्मानाबाद
१८ मे १९७३

चि. सौ. जाई हिस बाबांचे अनेक आशीर्वाद.

‘सौ.’ लिहिताना पेन जरा अडलं, पण लिहिलं. व्यंकटरावांनाही नमस्कार सांग. तू बौद्ध घरात लग्न केलंस म्हणून भावकीनं माझं डोकं खाल्लं होतं. आता दुष्काळानं सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळवलंय, त्यामुळे ती कटकट मिटली. मी त्या वेळी काय बोललो ते तुझ्या लक्षात असेल, माझ्याही आहे. त्यावर आज नको.

तुझं पत्र परवा पोचलं. वर ‘ती. आई-बाबांस’ लिहिलंयस, म्हणून मी ते घरात बसून मोठ्यानं वाचलं. पैठणच्या धरणावर व्यंकटरावांना काम लागलं, राहायला पत्र्याची खोली मिळाली, बरं वाटलं. तुझा पत्ता मिळाला हे त्याहून बरं. मी पुष्कळ जणांना विचारला होता.

तू विचारतेस की गोदावरीच्या डोहात मरळ दिसते, पण गांडुळाला तोंड लावत नाही, तर बाबा गळाला आमिष म्हणून लावतात ती पिसाची माशी कशी बांधायची. सांगतो.

पीस कोंबड्याच्या मानेचंच घे, तांबड्या कोंबड्याच्या. पंखाचं घेशील तर पाण्यात भिजून लोळागोळा होतं. दोऱ्याला आधी मेण लाव. गळाच्या दांडीवर दोरा घट्ट गुंडाळत ने, शेपटीला बकरीचे चार केस बांध, मग पीस उभं धरून फिरव, म्हणजे त्याचे तंतू चहूकडे फुलतात. घाई केलीस तर ते दोऱ्याखाली दबतात आणि माशीचं माकड होतं. डोक्याशी लाल रेशमाचे वेढे दे. त्या लालीवरच मरळीचा डोळा असतो.

टाकायची रीत माशीहून अवघड. सावली पाण्यावर पडू देऊ नकोस. जोर खांद्यातून नको, मनगटातून हवा. दोरी मागं गेली की थांब. ती मागं पुरती सरळ होऊ दे, मगच काठी पुढं आण. सगळे इथंच चुकतात, त्यांना थांबवत नाही. निजामाच्या वेळच्या ज्या साहेबांनी मला हे शिकवलं ते म्हणायचे, ‘आबाराव, सबर करो.’ त्यांना मासे फार मिळायचे नाहीत ही गोष्ट वेगळी. माशी पाण्यावर लिंबाच्या फुलासारखी पडली पाहिजे. मग जरा ओढ, जरा थांब. मरळीनं धरली की लगेच हिसका देऊ नकोस, तिला तोंड मिटू दे.

आणि एक गोष्ट, ती तुला लहानपणीच सांगितलेली आहे. पावसाळ्यात पाण्यावर लाल पिलांचा थवा दिसतो, त्याच्याखाली मरळीची जोडी राखण करत असते. त्या थव्यावर माशी टाकली तर मरळ हमखास वर येते. भूक नसली तरी येते, पिलांना काही होईल म्हणून येते. म्हणून तिथं टाकायची नाही. आपल्यात तशी धरलेली मरळ कुणी चुलीवर चढवत नाही.

आपल्या तलावाचं विचारलंस. तलाव राहिला नाही. मच्छीमार सोसायटीनं मार्चातच शेवटचं जाळं ओढलं. चेअरमन बिभीषणराव तळ्याच्या पाळीवर उभे राहून रडले, आणि तो माणूस सहसा रडत नाही. चिखलात दम धरून राहिलेल्या मरळी लोकांनी कुदळीनं खणून काढल्या. मी गेलो नाही. सगळं गाव दुष्काळी कामावर खडी फोडायला जातं. मीही जातो. तुझी आईही जात होती.

जाई, मघापासून मी माशीवरच लिहीत बसलोय.

तुझी आई गेली. होळीनंतर खडीवरून आली ती तापानं फणफणूनच. धाराशिवच्या दवाखान्यात नेली, दोन दिवस बरं वाटलं, मग नाही. तुला कळवायला पत्ता नव्हता. चैत्री पौर्णिमेला येरमाळ्याच्या जत्रेला जायचं तिनं ठरवलं होतं. गेल्या साली तिथल्या बांगड्यांच्या दुकानांतून ती तुलाच शोधत फिरली, हे मला घरी आल्यावर कळलं. आजारात म्हणाली, “तुमी नका लिवू, तुमी लई ताठ. तीच लिवंल. पर तिला बी निमित्त लागंल. बघा, ती मासोळीचंच इचारंल.” मी म्हणालो, “तिला काय पडलंय?” त्यावर ती नुसती हसली.

तर परवा तुझं पत्र आलं आणि त्यात मासोळीचं विचारलेलं. मी दोनदा वाचलं, मग काठी काढून उगाच पुसत बसलो. मला फार रडू आलं.

या पाकिटात एक माशी घातली आहे. टोक लागू नये म्हणून बुचात खोवली आहे. डोक्याशी जे लाल रेशीम आहे ते आईच्या हिरव्या लुगड्याच्या काठाचं. पूर्वी मी त्यातला दोरा काढला की ती भांडायची. या खेपेला काठाला हात लावला आणि कुणी ओरडेना, तेव्हा बांधताना बोटं नीट चालली नाहीत. गाठ सैल वाटली तर तू पुन्हा बांध.

तुला येतं ते. फ्रॉकात होतीस तेव्हापासून तुझी गाठ माझ्यापेक्षा घट्ट बसायची, सोसायटीतली माणसं माझ्या नावावर तुझ्या माश्या घेऊन जायची. मी काय शिकवणार तुला? तुला माशी नको होती, हे पहिल्या वाचनातच कळलं. बाप वर येतो का ते तुला बघायचं होतं. जिथं टाकू नये म्हणून सांगितलं होतं, बरोबर तिथंच टाकलीस.

आई असती तर माझ्या आधी आली असती.

व्यंकटरावांना सुट्टी मिळेल तेव्हा दोघं या. एस. टी. फाट्यावर थांबते, मी तिथं असेन. घरात पाणी बेताचं आहे, पण तुम्हा दोघांपुरतं राखून ठेवतो. आईचं लुगडं घडी करून ठेवलंय, ते तुझ्याशिवाय कुणाला देणार नाही.

भूक नसताना वर आलेला,
तुझा बाबा