सोनिकाच्या बायोडाट्यावरची सही

लकडगंज, नागपूर
बुधवार

तीर्थस्वरूप देवराव भाऊजी यांस,

लकडगंजच्या मनोहरचा साष्टांग नमस्कार. तुमचा गुडघा कसा आहे? रुख्मिणीताईची साखर आटोक्यात आहे ना? इथे सगळे धडधाकट आहेत, फक्त मला घरात कोणी माणसात धरत नाही. रविवारपासून तुम्ही माझा फोन उचलत नाही, म्हणून हे पत्र कुरिअरने खाप्याला पाठवतो आहे. (कुरिअरवाल्यासमोर तरी दार लावून घेणार नाही, ही आशा.) सोनिकासाठी बघितलेल्या स्थळाकडच्या, प्रताप नगरच्या महादेवरावांनी फोन करून तुम्हाला जे ऐकवलं ते मला कळलं. तुमच्या मुलीच्या बायोडाट्यावर एका परक्या पुरुषाने इंग्रजीत ‘टू सोनिका, विथ लव्ह’ असं लिहून खाली सही ठोकली आहे, हे खरं आहे. पण तो कागद त्या घरी मी पोचवला म्हणून सगळा दोष माझा, हे मला साफ नामंजूर आहे. तुम्ही आमचे जावई, तुम्हाला उलटून बोलायची आमच्याकडे रीत नाही. लिहायला मात्र बंदी नसावी.

मुळात दोष दामिनीचा. माझी ही नात अकरा वर्षांची, आणि तिला गाड्यांच्या शर्यतींचं वेड. तासन्‌तास टीव्हीसमोर बसून गोल गोल फिरणाऱ्या गाड्या बघते. दोन तास जिवावर उदार होऊन गाडी हाणायची आणि निघालो तिथेच परत यायचं, याचा त्या लोकांना चषक मिळतो. आमचा ट्रकवाला गोंदियाहून सागवान भरून रात्रभर गाडी चालवत येतो, त्याला कोणी कधी हार घातल्याचं मी पाहिलं नाही. असो. तर ईशान बेलिअप्पा नावाचा तिचा लाडका शर्यतवाला शनिवारी वर्धा रोडवर टायरच्या दुकानाचं उद्घाटन करायला येणार होता, आणि दामिनीच्या पायाला प्लास्टर. (आमच्याच गोदामातल्या लाकडाच्या थप्पीवरून उडी मारली.) रडून रडून तिने डोळे सुजवले, तेव्हा मी म्हणालो की मी आणतो सही. तिने मला आपली लाल टोपी दिली आणि टोपीच्या पुढच्या पट्टीवर, तिच्या नावासकट सही आणायला बजावलं. त्याच दिवशी मला सोनिकाचा बायोडाटाही प्रताप नगरला द्यायचा होता. तुम्ही दोन प्रती पाठवल्या होत्या, त्या माझ्या पिशवीत होत्या. आमची सौ. गोपिका म्हणाली, आधी बायोडाटा द्या, मग सहीच्या मागे धावा. (हे वाक्य ती आता रोज ताट वाढताना म्हणते.)

बेलिअप्पा दहाच्या ठोक्याला हजर. प्रमुख पाहुणे, म्हणजे कोणीतरी पुढारी, आले साडेअकराला. ताशी तीनशेच्या वेगाने जाणारा माणूस दीड तास सोफ्यावर बसून पंख्याकडे बघत होता. मग शाल, श्रीफळ, स्मृतिचिन्ह आणि भाषणं. एका वक्त्याने तर त्या बिचाऱ्याला वाहन सावकाश चालवण्याचं महत्त्व समजावून सांगितलं आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या! एवढ्यात एका कार्यकर्त्याने माझ्या हातातली टोपी ओढून घेतली. ती सत्काराचीच आहे असं समजून त्याने ती प्रमुख पाहुण्यांच्या डोक्यावर चढवली. फोटो निघाले. पाहुणे टोपी घालूनच गाडीत बसले. मी ‘अहो, माझ्या नातीची टोपी!’ म्हणून ओरडत मागे धावलो, तर मला त्यांच्याच पक्षाचा समजून लोकांनी आदराने वाट करून दिली. परत आलो तोवर सहीसाठी झुंबड उडाली होती. तिच्यात माझा चष्मा पडला आणि तुडवला गेला. अखेर बेलिअप्पासमोर पोचलो तेव्हा हातात काहीच नाही! पिशवीत हात घातला, कागद लागला, पुढे केला. त्याने वर छापलेलं नाव वाचून ‘सोनिका?’ असं विचारलं. मी जीव तोडून ‘दामिनी, दामिनी’ सांगत होतो, पण शेजारी ढोल-ताशा. त्याने हसून लिहून दिलं. मला धुकं दिसत होतं, मी काय वाचणार?

तसाच प्रताप नगरला गेलो आणि दोन कागदांपैकी एक महादेवरावांच्या हातात दिला. दुसरा घरी येऊन दामिनीला दिला. पोरीने आनंदाने घेतला आणि वाचला: उंची पाच फूट तीन इंच, रास कन्या, आवड पाककला. (पाककला! ट्रॅक्टर शिकताना सोनिकाने गोठ्याची भिंत पाडली, ती कुठल्या कलेत बसते भाऊजी?) त्या क्षणापासून दामिनी मला आजोबा म्हणत नाही, मनोहरराव म्हणते. ‘मनोहरराव, पाणी पाहिजे का?’ असं विचारते. ते मला फार लागतं.

सोमवारी मी कागद आणायला गेलो. महादेवराव दारातच म्हणाले, “मनोहरराव, हा कोण व्हय गा, तुमच्या भाचीले लव्ह पाठवून राहिला?” मी समजावतो आहे तोच त्यांचा नातू दुर्गेश, म्हणजे ज्याच्यासाठी आपण हा खटाटोप करतो आहोत तो मुलगा, बुटीबोरीच्या कारखान्यातून घरी आला. कागद बघून तो जागच्या जागी उडाला. तोही बेलिअप्पाचा भक्त निघाला! त्याने आजोबांना सांगितलं की हा सगळ्यांनाच असं लिहितो. “सगळ्यांले?” म्हातारे म्हणाले, “मंग त्याची बायको काही म्हणत नाही?” राग निवळला. मी कागदासाठी तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. भाऊजी, तुम्ही जाणता, दिलेला बायोडाटा परत मागणं म्हणजे स्थळ मोडणं. एकीकडे भाचीचं लग्न, दुसरीकडे नातीचा रुसवा. मी मुकाट्याने चहा प्यालो. दुर्गेशने माझ्यादेखत तो कागद फ्रेममध्ये बसवला. आता सांगा, यात माझं कुठे चुकलं?

ताईला नमस्कार, सोनिकाला आशीर्वाद, आणि तुम्हाला एवढंच की फोन हे उचलण्याचं यंत्र आहे.

तुमचा विनाकारण बदनाम मेहुणा,
मनोहर

ता. क. महादेवरावांकडची मंडळी रविवारी अकराला मुलगी बघायला खाप्याला येत आहेत. हेच सांगायला मी सतरा वेळा फोन केला.

ता. क. दुसरा. आत्ता सोनिकाचा फोन आला. दामिनीचं गाऱ्हाणं तिच्यापर्यंत पोचलं आहे. म्हणाली, “मामा, त्या पोराले सांगा, दामिनीचा कागद पहिले तिले नेऊन दे. लहान पोरीची वस्तू जो देत नाही, त्याच्यासमोर मी पोहे घेऊन येणार नाही.” मी निरोप कळवला. दुर्गेशने आधी दोनदा ‘हॅलो, आवाज येत नाही’ असं म्हणून बघितलं. मग हळूच म्हणाला, “मामाजी, कलर झेरॉक्स चालन का?” मी फोन ठेवला.

ता. क. तिसरा. पाकीट चिकटवत होतो, तर दारात दुर्गेश उभा. फ्रेमसकट आला आणि ती दामिनीच्या मांडीवर ठेवली. भाऊजी, पोराचा चेहरा बघवत नव्हता. मुलगा सोन्यासारखा आहे, डोळे मिटून हो म्हणा. दामिनीने सही नीट वाचली आणि फ्रेम त्याला परत दिली. “यावर सोनिकाताईचं नाव आहे. तिलेच द्या.” ती विचार बदलायच्या आत तो गाडीला किक मारून पसार झाला. रविवारी फ्रेम खाप्याला येईल. मग दामिनी माझ्याकडे वळून म्हणाली, “मनोहरराव, आता माझी आणा.”

म्हणून खरं काम असं की बेलिअप्पा दिवाळीनंतर त्याच टायरवाल्याच्या दुसऱ्या दुकानासाठी येतो आहे, आणि तो कागदावर वाचेल तेच नाव लिहितो. तेव्हा तुमच्या खाप्याच्या छापखान्यातून दामिनीचाही एक बायोडाटा छापून पाठवा. उंची, रास काही नको. नाव मोठं, आणि खाली जागा भरपूर. प्रत मात्र एकच काढा.