किंकाळीच्या आधीचा श्वास

आई, मला तुझा राग आलाय. जाऊन इतकी वर्षं झालेल्या माणसावर रागावण्यात काही अर्थ नाही हे मला कळतं, पण गेला महिनाभर तो उतरत नाही, आणि बोलून दाखवावा असं कोणी नाही. कोणाला सांगायला जावं तर आधी तू काय काम करायचीस तेच समजावून द्यावं लागतं, आणि ते ऐकून लोक हसतात. "किंकाळ्या? म्हणजे नुसत्या किंकाळ्या?" हो, नुसत्या किंकाळ्या. सिनेमातल्या नट्यांना ओरडून घसा बसवून घ्यायचा नसायचा, म्हणून त्यांच्या वाटचं तू ओरडायचीस. शनिवार पेठेतली, बँकेतल्या कारकुनाची बायको, नीट इस्त्रीची साडी नेसून डबिंगला जायची, काचेपलीकडच्या खोलीत माइकसमोर उभी राहायची, आणि पडद्यावर भलतीच कोणी बाई तुझ्या आवाजात मरायची.

सराव तू स्वयंपाकघरात करायचीस. कुकरची शिट्टी व्हायला आली की ओट्याला धरून उभी राहतेस, डोळे मिटतेस, आणि शिट्टीत आपला आवाज मिसळून देतेस, शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून. त्यांना कळायचं ते कळायचंच. खालचे काका जिन्यात भेटले की विचारायचे, "काय वहिनी, आज भात की खून?" तू थांबायचीही नाहीस. "दोन्ही. तुमच्याकडे वास भाताचाच आला ना?" मला तुझं ते उत्तर फार आवडायचं. आणि मी ओट्याशी घुटमळले की तू मला शिकवायचीस, जशी दुसऱ्यांची आई पोळी लाटायला शिकवते. किंकाळी घशातून काढायची नसते, म्हणायचीस, श्वासातून काढायची. आधी पोटापर्यंत श्वास घ्यायचा. आता आपल्याला ओरडायचंय हे जिला माहीत असतं तिला तेवढी सवड असते. खरोखर दचकलेल्या माणसाला ती नसते, त्याच्याकडे असेल तेवढ्याच हवेत तो ओरडतो. एडिटरने तो श्वास कापून टाकला तरी किंकाळीत तो ऐकू येतो, असं तू म्हणायचीस. तेव्हा मला ते काही कळलं नव्हतं. आता माझं पोट त्याच्यावर चालतं. मी सिनेमाच्या आवाजांचं काम करते. दारं, पावलं, पंखे, कुलपं, सगळं जिथल्या तिथे बसवते, आणि माणूस दिसायच्या आधी तो घाबरलाय की नाही हे मला ऐकू येतं.

गेल्या महिन्यात माझ्याकडे एक थ्रिलर आला. गोष्ट अशी की एक नवी नटी भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहायला येते, आणि तिच्या घरात ठिकठिकाणी कॅमेरे लपवलेले असतात. तिच्यावर पाळत ठेवणारा माणूस तिचाच निर्माता निघतो. सिनेमाच्या धंद्यात बायकांकडे कसं बघितलं जातं यावर भाष्य वगैरे. दिग्दर्शक तिशीतला, हुशार, बोलायला गोड. धायरीच्या एका रिकाम्या फ्लॅटमध्ये शूटिंग झालेलं. नटी हडपसरची, तिचा पहिलाच सिनेमा. मध्यावर एक प्रसंग आहे: ती कपाटासमोर केस विंचरत उभी आहे, मागून एक माणूस येतो आणि तिची मान धरतो. छताजवळच्या कॅमेऱ्यातून दिसतं तसं दृश्य, काळपट, दाणेदार. मी हेडफोन लावून ऐकलं आणि हात थांबला. श्वास नव्हता. एक तुटका, अर्ध्या हवेचा आवाज, मग एक क्षण काहीच नाही, आणि मग ती धापा टाकते आहे. मी पुन्हा ऐकलं. मग उठून पाणी प्यायले आणि दिग्दर्शकाला फोन लावला.

"मॅडम, गोल्ड आहे ते," तो म्हणाला. "अॅक्टिंग करून असं येत नाही."

"तिला सांगितलं होतं का?"

"सांगितलं असतं तर आलं असतं का? तिला वाटलं ब्रेक झालाय. लपवलेले कॅमेरे आम्ही चालूच ठेवले होते. थीमच ती आहे ना आपली."

"थीम मला माहीत आहे. मी रोज तेच ऐकतेय. हा सिनेमा तुम्ही कोणावर काढलाय, स्वतःवर का?"

तो हसला. त्याला वाटलं मी पुणेरी विनोद करतेय. काँट्रॅक्टवर तिची सही आहे म्हणाला. मी विचारलं, "मागून येऊन मान धरू, असं लिहिलंय का त्यात?" मग मात्र तो जरा गार पडला आणि म्हणाला की मी जुन्या पिढीची आहे. असेन. जुन्या पिढीत काय चालायचं ते त्याच्यापेक्षा मला जास्त माहीत आहे, हे मला त्याच रात्री कळायचं होतं.

कारण तो अर्ध्या हवेचा आवाज मी आधी कुठेतरी ऐकला होता. जेवताना ते आठवलं आणि घास तसाच राहिला. तुझा तो शेवटचा सिनेमा आता कोणीतरी इंटरनेटवर टाकलाय, प्रिंट खराब आहे पण आवाज ठीक आहे. खंजीर घेतलेला खलनायक आणि जिन्यावरची नायिका. बाबांनी आपल्याला तो थिएटरात दाखवला होता, आणि तो प्रसंग आला तेव्हा तुझ्याकडे वळून म्हणाले होते, "वा, हे जमलंय हं." तू म्हणालीस, "राहू दे." मी ती किंकाळी आता हेडफोन लावून ऐकली, आई. श्वास नाही. आणि शेवटाला काहीतरी लोखंडी पडल्याचा आवाज आहे, दृश्यात मात्र पडण्यासारखं काही नाही. जिना, भिंत आणि नायिका, बस; खंजीर खलनायकाच्या हातातच आहे. पडलाय तो तुझा माइकचा स्टँड.

मी तिथे होते. शाळेला सुट्टी असली की तू मला बरोबर न्यायचीस, आणि मी काचेच्या अलीकडे रेकॉर्डिंगवाल्यांशेजारी बसायचे. मी घाबरू नये म्हणून आपली एक खूण ठरलेली होती. ओरडायच्या आधी तू माझ्याकडे बघून नाकाच्या शेंड्याला बोट लावायचीस. म्हणजे आता जे ऐकशील ते खोटं. मग श्वास, मग किंकाळी, आणि मी खुशाल बिस्किट खात असायचे. जिन्यावरच्या त्या किंकाळीच्या दिवशी तिथल्या दिग्दर्शकाला एकही किंकाळी पटत नव्हती. तो तुझ्या खोलीत आला, म्हणाला वातावरण पाहिजे, आणि त्याने दिवे घालवायला लावले. काचेत मला माझंच तोंड दिसतंय. तुझं बोट मला दिसलेलं नाही. मग तो आवाज, मग धडामकन काहीतरी, आणि दिवे लागले तेव्हा तू मानेवर हात दाबून भिंतीला टेकली होतीस, आणि तो टाळ्या वाजवत होता. "बघा, आली की नाही खरी!" माझ्या शेजारचे रेकॉर्डिंगवालेही टाळ्या वाजवत होते. मी भोकाड पसरलं होतं. आणि तू काचेतून माझ्याकडे बघितलंस, आणि नाकाच्या शेंड्याला बोट लावलंस.

नंतर, आई. सगळं होऊन गेल्यावर. आणि मी डोळे पुसले, कारण तू म्हणालीस की खोटं आहे.

मला याचा राग आहे. त्या माणसाचा राग तर आहेच, पण तो साधा आहे, सरळ आहे, त्याला फार विचार करावा लागत नाही. तुझा राग वेगळा. घरी येऊन तू सांगितलंस की घसा गेला, आता हे काम जमायचं नाही. त्याच संध्याकाळी गॅलरीतून मला जेवायला हाक मारलीस ती चौकापर्यंत ऐकू आली. कोणी विचारलं नाही. बाबांनी विचारलं नाही, मीही नाही. जे काम तुला इतकं आवडायचं की कुकरच्या शिट्टीची तू वाट बघायचीस, ते तू एका वाक्यात सोडून दिलंस, आणि त्याला मात्र त्याची किंकाळी मिळाली, तुकडा न तुकडा, टाळ्यांसकट. तू मोठ्याने ओरडणारी बाई होतीस. सगळ्या पेठेला माहीत होतं. मग तेव्हाच का नाही ओरडलीस? माझ्यासमोर नको असेल तर नंतर कधीतरी, मी या धंद्यात पडले तेव्हा तरी. निदान दाराशी उभं राहून म्हणायचंस की दिवे घालवतो म्हणाला तर बाहेर ये.

त्या हडपसरच्या मुलीला मी स्टुडिओत बोलावून घेतलं. बसने आली, पाठीला सॅक, बसल्या बसल्या तिने आधी छताच्या कोपऱ्यांकडे बघितलं. मी तिला ऐकवलं नाही, फक्त विचारलं. ती म्हणाली, "राहू दे ना ताई. फर्स्ट पिक्चर आहे माझा. सगळे म्हणतायत सीन भारी झालाय." तुझेच शब्द, राहू दे. माझी कानशिलं तापली. पण तिच्यावर कशाला चिडू, म्हणून चहा सांगितला. मग तीच म्हणाली, "फक्त एक झालंय. आंघोळीला गेले तरी पहिलं वर बघते, कॅमेरा आहे का. घरचंच बाथरूम आहे, तरी." आणि ती हसली. ते हसणं मी ऐकलं आणि तिला सगळं सांगितलं. त्या खोलीत काय झालं होतं आणि तू कशी गप्प बसलीस, तेही. काय करायचं ते तू ठरव, असं तिला म्हटलं, पण माझ्याकडून हा आवाज तुझ्या परवानगीशिवाय जाणार नाही. दिग्दर्शकालाही तेच कळवलं. दुसरा साउंडवाला मिळेल म्हणाला. मिळेल की, म्हटलं, पुण्यात काय तोटा आहे, पण जो येईल त्याला मी आधी फोन करून तो काय ऐकतोय ते सांगेन, आणि त्यानंतर ज्याला सांगावंसं वाटेल त्यालाही.

आठवड्याने तिचा फोन आला. मागे बसचा कंडक्टर ओरडत होता. "ताई, काढायला लावा. आवाज पण आणि शॉट पण." शॉट पुन्हा घेतला गेला, कुरकुर करत, एका सकाळी, सगळं आधी सांगून. तिने तो छान केला. पण डबिंगला माइकसमोर उभी राहिली की तोंड उघडायची आणि आवाज निघायचा नाही. तीनदा प्रयत्न केला आणि रडायला लागली. मग मी तिला बाहेर बसवलं आणि आत गेले. या वयात, गुडघ्याला पट्टा बांधून. हेडफोन चढवले. काचेतून ती माझ्याकडे बघत होती, आणि मी नाकाच्या शेंड्याला बोट लावलं, आधी, आणि पोटापर्यंत श्वास घेतला.

ती दचकली नाही. बाहेर आले तर म्हणाली, "ताई, कसली डेंजर आहात तुम्ही." दिग्दर्शकाने ऐकलं आणि चालेल म्हणाला. शेवटच्या मिक्समध्ये माझीच किंकाळी बसली आहे. सिनेमा पुढच्या महिन्यात येतोय, आणि बघणाऱ्या कोणाला काहीही फरक कळणार नाही.

फरक मला कळतो. हे पत्र पाठवायला तुझा पत्ता नाही आणि असता तरी मी पाठवलं नसतं, कारण पुढचं तुला वाचू देणं मला जमलं नसतं. माझी किंकाळी ठीक आहे. नीट आहे, कामापुरती आहे. तुझी ती जिन्यावरची मी आता खूप वेळा ऐकली आहे, आणि कामाच्या कानाने ऐकलं तर तू आयुष्यात दिलेल्यांपैकी तीच सगळ्यात चांगली आहे.