शकुताई, जेवलात का?

मिथुन,

चेकनाक्याच्या दवाखान्यात चाललोय. तुझी नाईट होती, म्हणून उठवलं नाही. भाकरी डब्यात आहे. माझा मोबाईल घरीच ठेवलाय. अनोळखी फोन आले तर उचलू नकोस.

काल तू चिडलास, ते बरोबरच. मोबाईलवर वाकळ शिवून दाखवणाऱ्या त्या बाईंना मी कोड स्कॅन करून पन्नास रुपये पाठवले, आणि त्यांनी कौतुकाने पावतीच लाईव्हवर दाखवली. तिच्यावर माझं पूर्ण नाव, नंबर सगळं असतं, हे मला काय माहीत? पण 'म्हातारा चळला' म्हणायला नको होतंस. दिवसभर तू झोपलेला. त्या बाई निदान नाव घेऊन 'जेवलात का?' विचारतात.

आता शेजारच्या माधुरीने शिकवलंय. चॅनलच्या बटणातून पाठवलं की आपण ठेवलेलं टोपणनाव तेवढं दिसतं. काय ठेवू, विचारलं तिने. मी तुझ्या आईचं सांगितलं. ती जाईपर्यंत जन्मभर तिला नुसतं 'अगं' म्हणत राहिलो.

तसे पन्नास पाठवलेत; आज दोन वाजता त्या बाई पैसे पाठवणाऱ्यांची नावं वाचतील. मला उशीर झाला तर तू माझ्या मोबाईलवर त्यांचं लाईव्ह लावून बस. 'शकुताई, जेवलात का?' विचारलं, तर हो म्हण.

बाबा