दहातले नऊ अँपिअर

३ नोव्हेंबर, सोमवार
हियाम झहले गावी बहिणीकडे गेली, त्याला तीन आठवडे झाले. जाताना दारात म्हणाली, मुनीर, या घरात साधा दिवा लावायचा तरी मी तुला विचारून लावते. मी त्यावर शांतपणे विचार केला. निष्कर्ष: प्रश्न विजेचा आहे. विजेचा प्रश्न सुटू शकतो.
शिवाय गॅसचा ओव्हन. गेल्या वसंतात काडी लावताना भडका उडाला आणि तिच्या भुवया गेल्या. तेव्हा मी हसायला नको होतं. असो. संकल्प: विजेची शेगडी. वर चार प्लेटा, खाली ओव्हन.

५ नोव्हेंबर
सध्याची परिस्थिती. सरकारची वीज येते तेव्हा येते. तिला मर्यादा नाही, तसा भरवसाही नाही. एरवी गल्लीतला खासगी जनरेटर, त्यावर आमचे विकतचे पाच अँपिअर; जास्त ओढलं की ब्रेकर पडतो. पाचात दिवे, फ्रिज, टीव्ही बसतात. इस्त्री लावली की फ्रिज काढायचा. हेअर ड्रायर लावण्याआधी हियाम आतून ओरडून विचारायची, मी बाहेरून ओरडून नाही म्हणायचो. संसारात संवाद हवा तो असा.

७ नोव्हेंबर
कॅल्क्युलेशन. चार प्लेटा आणि ओव्हन मिळून आठ हजार वॉट. भागिले दोनशेवीस. छत्तीस अँपिअर! पण वायरिंगच्या पुस्तकात नियम सापडला: पहिले दहा पूर्ण धरा, उरलेल्याचे तीस टक्के, कारण घरात सगळं एकदम कधी पेटत नाही. म्हणजे अठरा. वीस घेऊ. जन्मभर शाळेत गणित शिकवलं, ते आज कामी आलं.

१० नोव्हेंबर
जनरेटरवाल्या अबू तलालकडे गेलो. वीस म्हणताच म्हणाला, काय उस्ताद, पिठाची गिरणी टाकताय की दुसरं लग्न करताय? मशीनला झेपायचं नाही, दहा घ्या आणि अल्लाचे आभार माना.
दहा घेतले. घरी येऊन फेरविचार. प्लेटा हव्यात कशाला? नुसता ओव्हन नऊ अँपिअर खातो. दहात नऊ बसतात. वर एक शिल्लक.

१६ नोव्हेंबर
शेगडी आली. चाचणी: ओव्हन, दोन प्लेटा, गीझर, टीव्ही, सगळं एकदम. ब्रेकर हललासुद्धा नाही! मी टाळ्या वाजवल्या. शेजारची उम्म निदाल दारातून डोकावून म्हणाली, सरकारची वीज आली तर एवढं काय नाचायचं रे, या वयात? दार लावून घेतलं. लोकांना दुसऱ्याचं यश बघवत नाही.

१७ नोव्हेंबर
हियामला फोन. म्हटलं, एकदा येऊन बघ. म्हणाली, येणारच होते गुरुवारी, इकडे थंडी पडलीय, लोकरीचे कपडे न्यायला. ‘न्यायला’ हा शब्द मी मनावर घेत नाही.

२० नोव्हेंबर, गुरुवार
सकाळी. किब्बे मी स्वतः केले. खिमा आणि दलिया ट्रेमध्ये थापला, शंकरपाळ्यांसारखे काप पाडले. तिच्याइतके सरळ नाहीत. ती आली की ओव्हनमध्ये भाजून गरमागरम काढायचे, एवढंच बाकी.

त्याच दिवशी, ती गेल्यावर.
जनरेटरच्या वेळेत आली. ओव्हन लावला. तिने बैठकीतल्या दिव्याकडे हात नेला आणि मी स्वयंपाकघरातून ओरडलो, थांब, हात लावू नकोस! तिने हात मागे घेतला. तरी ब्रेकर पडला. फ्रिज. ब्रेकर खाली गल्लीतल्या पेटीत, आम्ही पाचव्या मजल्यावर. उतरलो, दांडा वर केला, चढलो. फ्रिज काढला, टीव्ही काढला. पुन्हा पडला. गीझर विसरलो होतो. पुन्हा उतरलो.
वर आलो तर ती अंधारात सोफ्यावर बसलेली, अंगात कोट तसाच. रागावली नव्हती. रागावली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, मी आल्यापासून तू मला एकदा तरी विचारलंस का, कशी आहेस? मी म्हणालो, किब्बे वीस मिनिटांत होतील.
मग म्हणाली, बहिणीकडे पहिल्या रात्री मी दिवा लावला. कुणी ओरडलं नाही. बंद केला, परत लावला आणि रडत बसले, मुनीर.
मी बॅग खाली नेऊन दिली, तेवढंच केलं. बॅग जड होती. लोकरीच्या कपड्यांवर तिने उन्हाळ्याचेही ठेवले होते.

२१ नोव्हेंबर
किब्बे मध्ये कच्चे. तसेच खाल्ले.

२ डिसेंबर
संध्याकाळी घरातले सगळे दिवे लावले. बैठकीतला, बाल्कनीतला, तिच्या आरशावरचा. दोन अँपिअरही भरले नाहीत. मग आतल्या खोलीकडे तोंड करून ओरडलो, हियाम, लाव ड्रायर, चालेल.
एकेक करून सगळे दिवे बंद केले.
मग अबू तलालकडे जाऊन सांगितलं, माझे पुन्हा पाच कर. म्हणाला, का उस्ताद, पाच पुरतात आता?
म्हटलं, उरतात.