ताकाचा वास

दादा,

हे पत्र तुला पाठवणार नाहीये, म्हणून खरं लिहिते.

बाबा स्वारगेट डेपोतून कंडक्टरची ड्युटी संपवून आले की आई त्यांना दारातच अडवायची, आठवतं? "अहो, हाऽ करा बघू." बाबा म्हणायचे, "नीट घे वास. आज ताक जरा जास्त झालंय." आपण दोघं आत गादीवर लोळून हसायचो. चालत्या बसमध्ये त्यांचं झोकांड्या खाणं कुणाला खटकलं नाही, तिथे सगळेच डुलतात. घरात मात्र आईला ते प्यायलेले वाटायचे. थेंब न घेतलेला माणूस!

बाबांच्या शेवटच्या वर्षी त्या आजाराचं हंटिंग्टन हे नाव कळलं. एका जीनमध्ये तीन अक्षरं गरजेपेक्षा जास्त वेळा गिरवलेली असतात, त्यातून बिघडलेलं प्रोटीन बनतं आणि मेंदू झिजतो. मुलांना येण्याची शक्यता निम्मी. आईनं त्या दिवसापासून वास घेणं सोडलं.

तू म्हणालास, "मला टेस्टच नको." मी गुपचूप केली. मी सुटले, दादा.

काल तू वारज्याला आलास. श्रद्धावहिनीला सातवा लागल्याचं सांगताना तुझा पाय टेबलाखाली सारखा हलत होता, चहा बशीत सांडला. निघताना आई दारात तुझ्या तोंडाजवळ आली. तू बाबांच्याच आवाजात म्हणालास, "नीट घे, ताक जास्त झालंय," आणि हसत लिफ्टमध्ये शिरलास.

आई दार लावून म्हणाली, "नमू, दारूचा वास आला असता तर बरं झालं असतं गं."

तुझी, सुटलेली,
नमू