वाळवी वेल काढत नाही

ती. ताईस,

वाकून नमस्कार. (कंबर धरली आहे, तेव्हा जेवढी वाकले तेवढ्यावर समाधान मान.) तुझा गुडघा कसा आहे ते एका ओळीत कळव, मागच्या पत्रात गुडघ्याने दोन पानं खाल्ली. मी बरी आहे. संतापले आहे, पण बरी आहे.

त्याचं असं झालं, कोपऱ्यावरच्या रद्दीवाल्याच्या ढिगात मला जुन्या भरतकामाचं एक जाडजूड पुस्तक सापडलं. कापडी बांधणी, वर सोनेरी अक्षरं (आता सोनं कमी, मळ जास्त), आणि आत असे टाके, की शाळेत आपल्याला शिवण शिकवणाऱ्या सिस्टरांनीही (वाकडा टाका दिसला की अख्खा रुमाल उसवायला लावणाऱ्या त्याच त्या) चष्मा पुसून पाहिले असते. शिवाय नक्षीच्या पानांवर सुईने टोचलेली बारीक भोकं! कोणे एके काळी कुणा बाईने ते पान कापडावर ठेवून, वरून खडूची पूड चोळून नक्षी उतरवली असणार. मी ते पुस्तक उशाशी घेऊन झोपू लागले.

इथे आमच्या ह्यांचा प्रवेश. निवृत्त झाल्यापासून ह्यांना घरात एक शत्रू लागतो. (मी एकटी पुरत नाही.) मी आंघोळीला गेले असताना ह्यांनी पुस्तक उजेडात धरलं आणि गल्लीला ऐकू जाईल असे ओरडले, "वाळवी! अगं, घर पोखरलं!" मी ओल्या केसांनी बाहेर येऊन समजावलं, की वाळवी वेल काढत नाही, प्रत्येक फुलाला मोजून पाच पाकळ्या देत नाही. तर म्हणाले, "तुला काय कळतंय? हल्ली फार हुशार झाली आहे ती." मी भाजी घेऊन परत येते तो घरभर औषधाची फवारणी झालेली आणि पुस्तक पुन्हा रद्दीत!

एका पायात माझी चप्पल, दुसऱ्यात ह्यांची, अशी धावले. रद्दीवाल्याने ते वजनकाट्याच्या लंगड्या पायाखाली सरकवलं होतं. "काढू नका काकू, काटा खोटं वजन दाखवेल." "म्हणजे आत्ता खरं दाखवतो?" मी विचारलं. गिऱ्हाइकं हसली, आणि त्याने काट्याखालून पुस्तक काढून माझ्या हातात दिलं.

घरी येऊन ह्यांच्या डोळ्यांदेखत ह्यांच्याच काळ्या रुमालावर पान ठेवलं, पूड चोळली, पान उचललं. खाली अख्खी वेल! हे गप्प. एवढ्या संसारात इतकी गोड शांतता मी ऐकली नव्हती. पुस्तकाला आता कपाटात मानाची जागा मिळाली आहे.

भाऊजींना नमस्कार.

तुझी,
धाकटी

ता. क. आज शेवटचं प्रकरण भिंगातून पाहिलं. तिथली भोकं वेल काढत नाहीत. एक तर माझ्यादेखत पुढे सरकलं.

आणखी एक ता. क. ह्यांना कळलं तर माझी धडगत नाही, आणि पुस्तकाची तर नाहीच. म्हणून ते पार्सलने तुझ्याकडे धाडते आहे. घट्ट पिशवीत बांधून फ्रीजरमध्ये ठेव. थंडीने कीड मरते म्हणतात. मात्र मी येईपर्यंत उघडायचं नाही. तू पान उलटताना बोटाला थुंकी लावतेस, आणि खरं सांगते, किड्यांपेक्षा मला तुझी धास्ती जास्त आहे.