मागची बाजू

प्रिय वन्सं,

हो, वन्संच. शाळेत एका बाकावर बसायचो तेव्हाच्या तुझ्या लाडक्या नावाने मी रागात कधी हाक मारत नाही, आणि मी अजून रागातच आहे. कोणावर, ते सांगते. तू रुसून गेलीस त्याला आज एकोणीस दिवस झाले, आणि गेलीस तीही कुठे, तर माझ्याच लेकाकडे! हे पाकीट त्याच्याच हाती धाडते आहे. डिंकाने दोनदा चिकटवलं आहे. उघडलेलं दिसलं तर कळव. तो विचारतो फार कमी, म्हणजे वाचत असणार.

बागेची हकिगत अशी. कॉलेजातल्या त्या किडेवाल्या बाईंनी दिलेल्या साठ लेडीबर्डांपैकी, त्या ठिपकेवाल्या लाल किड्यांपैकी, आता नऊ उरले आहेत. या भागातून ते औषधफवारणीने नाहीसे झाले, तुमच्या गुलाबांवरचा मावा खाऊन ते इथे पुन्हा वाढतील, असं सांगून त्यांनी बरणी आपल्या हवाली केली होती. वाढणं दूरच, एक नवा किडा दिसेना. कोणीतरी घात करतंय हे मी पहिल्याच महिन्यात ओळखलं. आधी शेजारचे कंपाउंडर. निवृत्त माणसाला फवारणीचा पंप कशाला लागतो? मी चार सकाळी पडद्याआड खुर्ची टाकून बसले. पंपाने ते स्कूटर धुतात. तीही नीट नाही.

मग तू. 'किडे ते किडे, ठिपके असले म्हणून काय झालं,' हे तुझेच शब्द. तुझ्या खिडकीत फडक्याआड ती फवाऱ्याची बाटली सापडली, तेव्हा मी ती दूधवाल्यादेखत, कंपाउंडरांदेखत टेबलावर आपटली आणि विचारलं, हे विष कधीपासून? तुझं तोंड एरवी कधी मिटत नाही. त्या दिवशी तू गप्प राहिलीस आणि पिशवी भरलीस. गप्प बसणं हाच मी पुरावा धरला.

मंगळवारी किडेवाल्या बाई आल्या. मी पानं पुसत होते. माझी पद्धत तुला ठाऊक आहे. शाळेत सिस्टर आपले तळहात बघायच्या नाहीत, हात उलटे करून नखं बघायच्या; घाण लपते ती मागच्या बाजूला. तशी मी रोज सकाळी एकेक पान उलटते आणि साबणाच्या पाण्यात बुडवलेल्या जुन्या टूथब्रशने खालचे पिवळे कण खरवडते. काळ्या काटेरी अळ्या असतात त्या डब्यात बुडवते. बाईंनी माझं मनगटच धरलं. 'आजी, काय करताय हे!' म्हणाल्या. (आजी! त्यांचे स्वतःचे केस बघावेत.) ते पिवळे कण म्हणजे लेडीबर्डची अंडी, आणि त्या काळ्या अळ्या म्हणजे त्यांची पोरं. आईचा एक गुण चेहऱ्यावर नाही, मी कशी ओळखणार? आधी का सांगितलं नाहीत म्हणून मी त्यांनाच फैलावर घेतलं. त्या म्हणाल्या, कागदावर चित्र दिलं होतं. तो कागद मी पहिल्या दिवशीच कपाटाच्या दाराला चिकटवला होता. उचकटून पाहिला. चित्र मागच्या बाजूला होतं.

जाता जाता त्या सहज म्हणाल्या, साखरेचं पाणी शिंपडलं की किडे बागेत टिकतात, हे त्यांनी 'दुसऱ्या आजींना' सांगितलं होतं. त्या गेल्यावर मी तुझी बाटली उघडून चाखली. गोड लागली. इतके दिवस जिला विष म्हटलं ती मी चाखली, यावरून माझी अक्कल कळावी. तरी एक विचारते, सांगितलं का नाहीस? माझी फजिती व्हावी म्हणून? की मी विचारलं त्या रीतीला उत्तरच द्यायचं नसतं म्हणून?

आता लिहिण्याचं कारण. घेवड्याच्या एका पानाखाली चौदा पिवळी अंडी माझ्या ब्रशातून वाचली आहेत. तीन-चार दिवसांत फुटतील, असं बाई म्हणतात. ब्रश मी कुलपात ठेवला आहे, पण किल्ली माझ्याच कमरेला आहे, आणि सकाळ झाली की हात शिवशिवतो. कंपाउंडर लक्ष ठेवायला तयार आहेत. त्यांच्यावर माझा अजूनही विश्वास नाही. माझ्यावर तर मुळीच नाही. सिस्टरांसारखी लाकडी पट्टी टेबलावर काढून ठेवली आहे. माझा हात त्या पानाकडे गेला, की नखांवर मार. तेवढा तुझा हक्क आहे, आणि मागचीही वसुली करून घे.

लेकाच्या गाडीतूनच परत ये गं, चिंगे.

बाकावरची तुझीच शेजारीण,
नंतरची वहिनी